डोक्याला करंट आणि पोरांचा अभ्यास

"ताई, डोक्याला बारीकसा करंट दिला की पोरांचं पाठांतर चांगलं होतं म्हणे. खरं का हो?" शेजारच्या वहिनींनी हे मला विचारलं ते पिंपळगावच्या बाजारात, भाजी निवडता निवडता. मोबाइलवर त्यांनी एका पट्ट्याची जाहिरात पाहिली होती. मुलगा बारावीला. यंदा बागेचं गणित बिघडलेलं, तरी त्या पट्ट्यासाठी पैसे बाजूला काढायची त्यांची तयारी होती. म्हणून म्हटलं, या विषयावर नीट वाचूनच लिहावं.

मैत्रिणींनो, प्रकार अगदीच हवेतला नाही. डॉक्टर त्याला 'टीडीसीएस' म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठराविक जागी बांधायचे आणि त्यातून एक ते दोन मिलीअँप करंट वीस-तीस मिनिटं सोडायचा. घरात करंट गळाला की खटकन पडणारा ब्रेकर असतो ना, तो साधारण ३० मिलीअँपला पडतो. त्यावरून अंदाज करा. चुणचुण होते, खाज येते, इतकंच. सिनेमात दाखवतात तो शॉक हा नव्हे. तो फार मोठा असतो, मोठ्या मानसिक आजारात देतात, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो भूल दिल्याशिवाय द्यायला बंदी आहे. गंमत म्हणजे त्या शॉकनं काही काळ विसरायला होतं!

२००० साली जर्मनीत निट्शे आणि पॉलस या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की असा मंद करंट बंद केल्यावरही मेंदूच्या त्या भागाची उत्तेजित होण्याची तयारी काही मिनिटं बदललेली राहते. तिथून संशोधन वाढलं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, कानात आवाज ऐकू येणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला. पण ते रुग्ण होते, आणि समोर डॉक्टर होते.

धडधाकट पोरांच्या अभ्यासाचं काय? इथेच घोडं अडतं. कुणाला थोडा फायदा दिसतो, कुणाला काहीच नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग छापला, तो मला सगळ्यात बोलका वाटला. मोठ्या माणसांना आकड्यांसाठी नवी चिन्हं शिकवली. ज्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला करंट दिला, ती चिन्हं लवकर शिकली, पण शिकलेलं त्यांना आपसूक, पटकन वापरता येईना. पुढच्या बाजूला दिला त्यांचं नेमकं उलटं झालं. म्हणजे एकीकडे मिळालं ते दुसरीकडून गेलं. आपण बागायतदारांच्या बायका, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. घडाला जीए कधी आणि किती द्यायचं, याचं प्रमाण जरा चुकलं की काय होतं ते आपण पाहिलंय. इथे तर मेंदू आहे, तोही अजून वाढीला लागलेला.

शिवाय २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात मृतदेहांवर मोजून पाहिलं, तर सुमारे तीन चतुर्थांश करंट कातडी आणि कवटीतच अडकला. घरच्या घरी हे प्रयोग करणाऱ्यांना मेंदूच्या संशोधकांनी २०१६ साली जाहीर पत्र लिहून सावध केलं होतं. ज्यांचा हा रोजचा उद्योग, तेच जपून बोलतात आणि जाहिरातवाला मात्र छातीठोक बोलतो. मला याचा राग येतो. काही वर्षांपूर्वी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले होते, आठवतात? डोळ्यांना पट्टी बांधलेलं पोरगं पुस्तक वाचून दाखवायचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतला तो साधाच होता : नाकाजवळच्या फटीतून दिसतं! आईबापांच्या काळजीवर धंदा करणारे तेव्हाही होते, आताही आहेत.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट, जिची जाहिरात कुणी करत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. गरोदरपणात त्यांतल्या दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. पुढे त्यांची काही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली. आईचं बी-१२ फार कमी होतं ती मुलं लक्ष टिकवायच्या चाचणीत हळू पडली, ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणण्यात मागे राहिली. बाकी बुद्धीत फरक दिसला नाही. २००८ साली हे छापून आलं. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण लक्ष आणि स्मरण हीच दोन नावं त्यातही आहेत बघा.

बी-१२ पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मांस-मासे यांत असतं. आपल्या घरी दूध पोरांना, दही पाहुण्यांना, आणि आपल्या वाट्याला काय उरतं ते तुम्हीच सांगा. त्यात महिन्याचे उपास वेगळे. हातापायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, 'फ्रीज उघडला कशाला' तेच आठवत नाही, असं होत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारून बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शनं मिळतात. आणि घरात सूनबाईला दिवस गेले असतील, तर तिची तपासणी आधी करा.