खटला जिंकला, पण कोर्टच चुकीचं!

दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, निकाल आपल्या बाजूने मिळवायचा आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगायचं, 'तुम्ही ज्या कोर्टात जिंकलात, त्याला हा खटला चालवण्याचा अधिकारच नव्हता!' अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दावा लावणाऱ्या स्वान आणि त्यांच्या भागीदारांवर १८८४ साली नेमकी हीच पाळी आली.

भांडण रेल्वेबांधणीचं. मॅन्सफिल्ड, कोल्डवॉटर अँड लेक मिशिगन रेल्वेने लोहमार्ग बांधण्याचा करार पाळला नाही, अशी स्वान मंडळींची तक्रार. नुकसानभरपाईसाठी १८७४मध्ये त्यांनी फुल्टन काउंटीतल्या राज्य कोर्टात दावा लावला. पुढे रेल्वेनेच अर्ज करून तो केंद्राच्या, म्हणजे फेडरल कोर्टात नेला. तिथे ती हरली आणि सर्वोच्च न्यायालयात धावली.

फेडरल कोर्टात सगळेच दावे चालत नाहीत. वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधला वाद तिथे चालतो. पण मग दोन्ही बाजूंना एकाच राज्याचा माणूस असून भागत नाही. इथे रेल्वे ओहायोची आणि दावेदारांपैकी एक भागीदारही ओहायोचाच! रेल्वेच्या अर्जावरूनच हे दिसत होतं, तरी फेडरल कोर्टाने खटला चालवला.

न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांनी निकालपत्रात नियम घालून दिला. अपील आलं की कोर्टाने आधी स्वतःला विचारायचं, हे ऐकण्याचा अधिकार आपल्याला आहे का? मग, खालच्या कोर्टाला तो होता का? कुणी हरकत घेवो वा न घेवो. दोन्ही पक्ष राजी असले म्हणून कोर्टाला अधिकार मिळत नाही.

मग रेल्वेचं फावलं का? निकाल रद्द झाला, खटला पुन्हा फुल्टनला निघाला. पण चुकीच्या कोर्टात नेण्याचा उपद्व्याप रेल्वेचाच, म्हणून दोन्ही कोर्टांचा खर्च तिच्याच माथी बसला!

संमतीने अधिकार येत नाही, हे तत्त्व भारतातही आहे. 'किरण सिंग विरुद्ध चमन पासवान' खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. मात्र तिथे दाव्याची किंमत कमी लावल्याने अपील खालच्या पायरीच्या कोर्टात गेलं होतं. तेवढ्यावर निकाल रद्द होणार नाही, त्यामुळे अन्याय झाल्याचं दाखवावं लागेल, असंही न्यायालयाने बजावलं.

म्हणूनच वकीलपत्रावर सही करण्याआधी वकीलसाहेबांना एक प्रश्न जरूर विचारावा... 'आपला दावा ज्या कोर्टात लावायचा, ते कोर्ट बरोबर आहे ना?'