ऊब हवी, ओझे नको

घरात बाळ येणार म्हटले की आपल्या कुटुंबांमध्ये कापडाची जमवाजमव सुरू होते. काही घरांत जन्मापूर्वी नवे कपडे आणण्याची रीत नाही. तरीही आजीने जुन्या धोतरांची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी केव्हाच बाजूला काढून ठेवलेली असतात. पुढे बारशाच्या निमित्ताने बाळंतविडे येतात. झबली, टोपडी, लंगोट, काठापदराच्या कुंच्या, लोकरीचे मोजे, गुबगुबीत दुलया यांनी कपाटाचा एक खण भरून जातो. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा व्यापार चालत आला आहे, तेथे या भेटींमध्ये कोणी हात आखडता घेत नाही.

या सर्व साठ्यातील नेमके काय बाळाच्या अंगावर असताना त्याला रात्री निजवावे, हा प्रश्न मात्र त्या बाळंतिणीपुढे उभा राहतो. डॉक्टर सांगतात, "फार गुंडाळू नका." घरातील मोठ्या बायका म्हणतात, "उघडे पडले तर सर्दी होईल." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये ती कोवळ्या वयाची आई रात्रभर दुपटे काढते आणि घालते. हा प्रश्न केवळ रीतिरिवाजाचा नाही. कमी ऊब आणि जास्त ऊब या दोन्ही गोष्टी नवजात बालकाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून त्यामागील कार्यकारणभाव घरातील प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्णतेचा जमा-खर्च

ज्याचे आयुष्य खातेवह्यांत गेले, त्याला प्रत्येक गोष्टीत जमा आणि खर्च दिसतो. नवजात बालकाच्या बाबतीत ही दृष्टी उपयोगी पडते. मातेच्या उदरात बाळ सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत वाढते. जन्मताच ते ओल्या अंगाने कितीतरी थंड हवेत येते. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ अधिक असते, त्वचेखालील चरबीचा थर पातळ असतो आणि डोके शरीराच्या प्रमाणात मोठे असते. परिणामी उष्णतेचा खर्च वेगाने होतो.

जमेची बाजू मात्र तोकडी असते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो व स्नायूंच्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. नवजात बालकाला कुडकुडता येत नाही. मान, खांद्यांच्या फऱ्यांमधील जागा आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली एक विशिष्ट तपकिरी चरबी जाळून ते ऊब निर्माण करते. त्यासाठी प्राणवायू आणि साखर दोन्ही खर्ची पडतात. दीर्घकाळ गारठलेले बाळ दूध ओढेनासे होते, त्याचे वजन वाढत नाही आणि ते जंतुसंसर्गाला लवकर बळी पडते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर दैनंदिन खर्च भागविण्यासाठी ते भांडवल मोडत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नवजात बालकाचे काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६.५ च्या खाली गेले की बाळ गारठू लागले असे समजावे. ३२ च्या खालील अवस्था अत्यंत गंभीर होय. म्हणूनच जन्मानंतर बाळाला ताबडतोब कोरडे करणे, आईच्या उघड्या छातीशी धरणे, पहिल्या तासात स्तनपान सुरू करणे आणि पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलणे, असा आग्रह आता धरला जातो. आईची छाती हेच नवजात बालकाचे पहिले आणि सर्वोत्तम वस्त्र आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी उबपेट्यांच्या तुटवड्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. 'कांगारू पद्धत' म्हणून ती आज जगभर मान्यता पावली आहे.

गडचिरोलीचा धडा

ऊब किती मोलाची, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ पासून घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन व तापमान घेत, स्तनपानास मदत करीत, बाळाला उबदार ठेवण्याची रीत शिकवीत आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करीत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. यात ऊब हा अनेक उपायांपैकी एक होता. परंतु तो मूलभूत होता. केंद्र शासनाने २०११ मध्ये अशाच धर्तीवर देशव्यापी योजना सुरू केली. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत तापमापक आणि वजनकाट्याबरोबर बाळासाठी उबदार कापड असते, ते याच कारणासाठी.

म्हणजे "बाळाला ऊब द्या" हे आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. मतभेद आहे तो केवळ मात्रेविषयी आणि पद्धतीविषयी.

जादा उबेचा धोका

सामान्य नियम असा की, मोठ्या माणसाला त्या खोलीत जेवढे कपडे पुरतात त्यापेक्षा बाळाला एक थर अधिक घालावा. पौष महिन्याच्या थंडीत सुती झबले, त्यावर पूर्ण बाह्यांचा अंगरखा, पायमोजे आणि एक दुपटे पुरेसे होते. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा पातळ मलमलीचे झबले व लंगोट एवढेच पुष्कळ. त्या दिवसांत पंखा लावण्यास हरकत नाही. वाऱ्याचा झोत थेट बाळाच्या अंगावर येऊ नये, एवढे पाहावे. मे महिन्यात लोकरीचे टोपडे घातलेले बाळ तापले, तर तो ताप रोगाचा की कपड्यांचा, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही.

ओळखावे कसे? यासाठी यंत्र नसले तरी चालते. हाताची मागील बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार असतील तर सर्व ठीक. पोट उबदार पण पाय थंड असतील तर बाळ गारठू लागले आहे. एक थर वाढवावा किंवा आईने छातीशी घ्यावे. पोट आणि पाय दोन्ही थंड लागले तर ते धोक्याचे लक्षण आहे. बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. उलट मानेला घाम, छाती तापलेली, चेहरा लालसर असेल तर एक थर काढावा. थर काढून अर्ध्या तासाने तापमान घ्यावे. ते ३७.५ च्या वरच राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. ३८ किंवा अधिक असेल तर मुळीच वेळ दवडू नये. रात्री दुकान वाढवून घरी आलेल्या बापालाही हात धुऊन ही तपासणी सहज करता येईल. बाळाची काळजी केवळ बायकांनीच करावी, असा काही नियम नाही.

दुपट्यात गुंडाळण्याची रीत

पहिल्या काही आठवड्यांत बाळ झोपेत दचकते, हात उडवते आणि स्वतःच जागे होते. नीट गुंडाळले की ते शांत निजते, हा आपल्या घरांचा जुना अनुभव आहे. पद्धत मात्र निर्दोष हवी.

पातळ, मऊ, चौकोनी सुती दुपटे घ्यावे. ते तिरके पसरून वरचा कोपरा आत दुमडावा. बाळाला उताणे ठेवून त्याचे खांदे त्या दुमडीच्या रेषेवर आणावेत, म्हणजे कापड गळ्याशी व तोंडाशी येणार नाही. एका बाजूचे कापड छातीवरून नेऊन पाठीखाली खोचावे, खालचा कोपरा सैल वर आणावा आणि मग दुसरी बाजू घ्यावी. छातीपाशी कापड व अंग यांमध्ये आपली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. कंबरेखाली तर कापड चांगलेच सैल असावे. पाय बेडकासारखे दुमडून बाजूला पसरण्यास मोकळीक हवी.

पाय सरळ करून घट्ट बांधण्याची चाल अनेक देशांत होती. तसे केल्याने मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही आणि सांधा निखळण्याची शक्यता वाढते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास नवजात बालकांचे पाय सरळ ताणून ठेवू नयेत अशी व्यापक मोहीम राबविण्यात आली, आणि तेथील खुबा निखळण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आपल्याकडे मूल कडेवर घेण्याची पद्धत आहे. त्यात पाय फाकलेले राहतात व खुब्याला योग्य बैठक मिळते. कडेवरचे हे शहाणपण दुपट्यातही पाळावे.

बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागले की गुंडाळणे बंद करावे. काही बाळे दोन-तीन महिन्यांतच तसा प्रयत्न करतात. हात बांधलेले बाळ पालथे झाले तर त्याला तोंड मोकळे करता येत नाही.

उताणेच का निजवावे?

वरकरणी निरोगी असलेले तान्हे मूल झोपेतच दगावते आणि तपासणीतही कारण सापडत नाही, अशा घटनांचा पाश्चात्त्य देशांत फार अभ्यास झाला. पालथे निजविणे, मऊ गादी, तोंडावर येणारे पांघरूण आणि अतिरिक्त उष्णता या गोष्टींमुळे धोका वाढतो, असे आढळले. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर निजविण्याची मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

"उताणे निजवले तर दूध घशात अडकेल" ही भीती आपल्याकडे सार्वत्रिक आहे. वस्तुतः उताण्या अवस्थेत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. त्यामुळे उलटून आलेले दूध श्वासनलिकेत शिरण्याची शक्यता कमी होते. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मग निजवावे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

आपल्या वस्तू, आपल्या चाली

या कसोटीवर आपल्या काही प्रथा पुन्हा तपासून घ्याव्यात. कुंची हा मोठा देखणा पोशाख आहे. परंतु तिचे बंद हनुवटीखाली बांधले जातात. बारशाला, देवदर्शनाला ती जरूर घालावी, निजवताना काढावी. डोके गोल यावे म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशी, लोड, तक्के, मऊ खेळणी आणि भेटीदाखल आलेली जाड दुलई झोपेच्या जागी नसावी. सपाट, घट्ट गादी आणि ताणून बसवलेली चादर एवढेच असावे. गळ्यातील काळा दोरा किंवा सोन्याची साखळी रात्री काढून ठेवावी. कपड्यांना टाचण्या लावू नयेत. झोळीत बाळ चटकन शांत होते; पण तिच्या खोलगटपणामुळे हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. म्हणून झोळी नजरेसमोर असतानाच वापरावी, रात्रीची झोप सपाट जागी, आईच्या हाताच्या अंतरावर व्हावी.

टोपड्याविषयी गोंधळ फार आहे. जन्मानंतरचे पहिले काही दिवस, कडाक्याची थंडी किंवा कमी वजनाचे बाळ असेल तर डॉक्टर टोपडे घालावयास सांगतात. पूर्ण दिवसांचे, वजन वाढत असलेले बाळ घराच्या उबदार खोलीत निजत असेल, तर टोपडे काढलेले बरे. जादा झालेली उष्णता बाळ डोक्यावाटेच बाहेर टाकते, आणि घसरलेले टोपडे नाकावर येऊ शकते.

शेक-शेगडीबाबत विशेष सावध राहावे. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू निघतो. तो माय-लेकरांना झोपेतच गुदमरवू शकतो. धुरीच्या धुरानेही कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंथरुणात ठेवणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण होय. खोली आधी उबदार करावी आणि उष्णतेचे साधन बाहेर नेऊन मग बाळाला निजवावे.

ज्येष्ठांना विनंती

आमच्या परिचयातील अनेक मुली-सुना आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर अमेरिका-इंग्लंडमध्ये बाळंत होतात. बाळंतपणासाठी तेथे गेलेली आजी सोबत हौसेने शिवलेली गोधडी नेते, आणि तेथील परिचारिका "पाळण्यात काहीही ठेवू नका" असे सांगते. आजीला तो आपल्या मायेचा अव्हेर वाटतो. तसे वाटण्याचे कारण नाही. तीच गोधडी जमिनीवर पसरून तिच्यावर जागे बाळ नजरेसमोर पालथे खेळले, तर त्याची मान बळकट होते. आजीची हौसही वाया जात नाही आणि बाळाची झोपही सुरक्षित राहते.

एकत्र कुटुंबात सून डॉक्टरांचा सल्ला ऐकते, पण सासूबाईंसमोर दुपटे काढण्याचे तिला धैर्य होत नाही. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा एक शब्द मोठे काम करतो. बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी निघताना आजी-आजोबांनीही डॉक्टरांसमोर बसावे, कपड्यांविषयी व झोपेविषयी आपल्या मनातील शंका तेथेच विचाराव्यात आणि मिळालेले उत्तर घरात सर्वांना सारखेच सांगावे. बाळंतविडा देणाऱ्यांनीही जड दुलईऐवजी चार पातळ सुती दुपटी आणि एक तापमापक द्यावा. किंमत कमी असली तरी त्या घराला त्याचा उपयोग रोज होईल.