साठी, बुद्धी आणि वाकळ

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील वडीलधाऱ्या माणसाने कपाळावरचा चष्मा घरभर शोधला की कोणीतरी ती हमखास म्हणतो आणि सगळे हसतात. आम्ही बँकेत कारकून आहोत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी तेर, ढोकी, बेंबळी अशा गावांहून निवृत्तिवेतनधारक आमच्या खिडकीपाशी येतात. त्यांत सत्तरीचे एखादे गुरुजी स्वतः फॉर्म भरतात आणि व्याजाचा हिशेब तोंडी सांगून आमचीच चूक दाखवतात. त्यांच्याच वयाचे दुसरे गृहस्थ हातातले पासबुक खिशात शोधत उभे असतात. वय सारखेच, मग हा फरक कशाने पडतो? हा प्रश्न आम्हाला अनेक वर्षे पडत होता. पण त्याचे उत्तर शोधण्याची वेळ आमच्या स्वतःच्या घरात आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

चार वर्षांपूर्वी वडील वारले आणि आम्ही आईला कळंब तालुक्यातील आमच्या खेड्यातून धाराशिवला आणले. तेव्हा ती ६८ वर्षांची होती. जन्मभर तिने रानात खुरपले, ज्वारी काढली, पाच लेकरांचे केले. आम्ही ठरवले की आता माउलीला सुख द्यायचे. तिला खाट दिली, टीव्ही लावून दिला, स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. 'आई, आता तू फक्त आराम कर,' हे वाक्य घरात रोज म्हटले जाई. वर्षभरात ती एकच गोष्ट तीन-तीनदा विचारू लागली. नातीला आत्याच्या नावाने हाक मारू लागली. 'माझं डोस्कं आता चालंना बाबा,' असे ती म्हणाली, तेव्हा आमच्या पोटात धस्स झाले.

डॉक्टरांनी तपासले. कानाने कमी ऐकू येत होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि रक्तदाब वाढलेला होता. स्मृतिभ्रंशाची लक्षणे त्यांना दिसली नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, 'या दिवसभर काय करतात?' आम्ही अभिमानाने सांगितले, 'काहीच नाही, आम्ही काही करूच देत नाही.' ते म्हणाले, 'मग तिथेच चुकतंय.'

वाचकहो, चूक नेमकी कोठे होती हे समजण्यासाठी मेंदूचे काम थोडे पाहिले पाहिजे. माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. बुद्धी ही या पेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्यांवर अधिक अवलंबून असते. नवे काही शिकलो की नव्या जोडण्या होतात, जुन्या बळकट होतात. वापर थांबला की त्या दुबळ्या पडतात. वय वाढते तसा विचाराचा वेग मंदावतो, नावे चटकन आठवत नाहीत, हे खरे. परंतु शब्दसंपत्ती, अनुभव आणि माणसांची पारख म्हातारपणीही बराच काळ टिकते. जोडण्या करण्याची मेंदूची शक्ती कमी होते, पण संपत नाही.

शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव शक्ती म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर ही गंगाजळी होय. शिक्षण, वाचन, कला, हुन्नर, माणसांत वावरणे यांनी ती आयुष्यभर साठत जाते. पुढे वयामुळे किंवा आजारामुळे मेंदूची झीज झाली, तर त्या गंगाजळीतून काही काळ तरी खर्च भागतो. मात्र ज्यांना आयुष्यात भरणा करण्याची संधीच मिळाली नाही, त्यांचे काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि अशिक्षितांत अधिक आढळले. ज्या आयाबायांना शाळेचे दारही पाहू दिले गेले नाही, त्यांना त्याची किंमत म्हातारपणीही मोजावी लागते, असा याचा अर्थ आहे.

आता उपायाकडे वळू. २०१४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात डेनिस पार्क या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ लोकांचे गट केले. काहींना कॅमेऱ्याने फोटो काढणे व ते संगणकावर नीटनेटके करणे शिकवले, काहींना गोधडी शिवणे, काहींना दोन्ही. इतर काही गटांना केवळ गप्पागोष्टी, सहली किंवा घरबसल्या करण्याची सोपी कामे दिली. आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने चालले. शेवटी नवे व अवघड काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारलेली दिसली. नुसत्या गप्पांनी किंवा सोप्या कामाने तेवढा फरक पडला नाही.

गोधडी म्हणजे आपली वाकळ! मराठवाड्यातील कोणत्या घरात ती नाही? जुनी लुगडी-धोतरे निवडायची, थर अंथरायचे, ठिगळांचे रंग जुळवायचे, कडेपासून आत एकसारखा धावदोरा घालत जायचे. यात मोजणी आहे, आखणी आहे, डोळा आणि हात यांचा मेळ आहे. आपल्याकडे कलेचे नाव काढले की नाटक-सिनेमा आठवतो. परंतु आपल्या आया जात्यावर बसून ओव्या रचत, ती कलाच होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या आहेत. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कष्टाबरोबर गाणेही गेले.

मात्र त्या प्रयोगातील मर्म ध्यानात घ्यावे. तेथे गोधडी शिकणाऱ्यांना ती नवी होती. आमच्या आईला वाकळ डोळे मिटूनही घालता येते. तिने ती पुन्हा हाती घेतली तेव्हा मन रमले, शेजारच्या दोघी येऊन बसू लागल्या, घरात बोलणे सुरू झाले. हे फार मोलाचे होते. पण मेंदूला खरी मेहनत हवी असेल, तर ज्याला सुरुवातीला हात अडखळतो असे काहीतरी हवे होते.

ते आमच्या मुलीने शोधले. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन शाळेत बसू लागल्या. त्यांची चित्रे मुलीने आजीला दाखवली. आई म्हणाली, 'माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, आता पाटी कशाला?' तेव्हा नातीने तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगितली. आयुष्याच्या उत्तरार्धात, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना आणि डोक्यावर कामाचे डोंगर असताना, बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतले होते, चित्रकलेतही लक्ष घातले होते. जगातील इतका मोठा विद्वान त्या वयात नवशिक्या होऊन बसतो, हे ऐकून आई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पाटी मागितली.

आम्हाला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. आम्ही बँकेत इतकी वर्षे इतरांच्या सह्या तपासतो, पण आमच्या आईच्या खात्यावर अंगठा होता. तिला सही शिकवावी असे आम्हाला कधी सुचले नाही. नाव लिहायला तिला तीन महिने लागले. पुढे ती लुगड्याच्या काठावरील नक्षीसारखी अक्षरे वाकळेवर दोऱ्याने काढू लागली. गेल्या वर्षी तिने बँकेत येऊन आपली नमुना सही दिली. आमचे सहकारी उभे राहिले आणि आम्हाला डोळे पुसावे लागले.

याने सारे काही पूर्ववत झाले, असे आम्ही म्हणणार नाही. ती अजूनही विसरते. कला हे स्मृतिभ्रंशावरचे औषध नव्हे. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशाचा व्यवहार न उमगणे, स्वभावात एकाएकी बदल होणे, असे दिसले तर ते वयावर न ढकलता डॉक्टरांना दाखवावे. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने १४ कारणांची यादी दिली आणि ती सर्व दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज मांडला. त्या यादीत कमी शिक्षण, बहिरेपणा, उपचार न केलेली दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्य आणि एकाकीपणा आहे. आईच्या कानाला यंत्र बसले, मोतीबिंदू निघाला, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, हेही पाटीइतकेच महत्त्वाचे होते.

तेव्हा आपल्या घरी काय करावे? काम नवे असावे, थोडे अवघड असावे, आवडीचे असावे आणि शक्यतो चारचौघांत असावे. ज्याने जन्मभर हिशेब केला त्याने पेटी किंवा ढोलकी शिकावी. ज्याने ढोलकी वाजवली त्याने आपल्या आठवणी लिहाव्यात. आजीने ओवी सांगावी, नातीने ती वहीत उतरवावी आणि आजीने ती वाचून पाहावी. आठवड्यातून दोन दिवस विहारात किंवा समाजमंदिरात वृद्धांसाठी सतरंजी अंथरली, तरी पुरे. त्याला पैसा फारसा लागत नाही, शिकवणाऱ्या तरुणांचा वेळ लागतो.

आपण वडीलधाऱ्यांना आराम देतो तो प्रेमापोटीच. परंतु हातातले सगळे काढून घेणारा आराम माणसाला रिकामा करतो. आज घरी गेल्यावर त्यांना 'जेवलात का' असे जरूर विचारावे आणि त्याबरोबरच 'काय शिकायचं राहून गेलं?' असेही विचारून पाहावे. एवढीच नम्र विनंती.