आंतरक्रिया परिणाम : अप्राचलीय संख्याशास्त्रातील अध्यापन

एखाद्या राशीवर दोन घटकांचा परिणाम होत असता एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीनुसार बदलत असेल, तर त्या घटकांत आंतरक्रिया आहे असे म्हणतात. अप्राचलीय पद्धतींत निरीक्षणांच्या वितरणाचे विशिष्ट रूप गृहीत धरीत नाहीत व पुष्कळदा मूळ मूल्यांऐवजी त्यांचे चढते क्रमांक वापरतात. त्यामुळे दिसणारी आंतरक्रिया मूळ राशीची की मापनश्रेणीची, हा प्रश्न अध्यापनात प्रथम घ्यावा लागतो.

गोंदिया जिल्ह्यात (स्थापना १९९९) धान हे मुख्य पीक असून ते काही शेतांत पावसावर, तर काहींत तलावांच्या पाण्यावर घेतात. स्पष्टीकरणासाठी कल्पित आकडे घेऊ. क व ख या वाणांचे हेक्टरी उत्पादन पावसावरील शेतात १५ व १८ आणि ओलिताच्या शेतात २५ व ४० क्विंटल असल्यास फरक ३ व १५ येतात. म्हणजे आंतरक्रिया आहे. या मूल्यांना १ ते ४ क्रमांक दिल्यास दोन्ही फरक १ होऊन ती नाहीशी होते. याउलट पावसावर हलके (लवकर येणारे) धान २० व भारी (उशिरा येणारे) १५, तर ओलितात अनुक्रमे २८ व ३६ क्विंटल असल्यास फरकाचे चिन्हच उलटते. मूल्यांचा क्रम राखणाऱ्या कोणत्याही रूपांतराने ही छेदी आंतरक्रिया नष्ट होत नाही. येथे सरासरी भारी धानाची अधिक (२५·५ विरुद्ध २४) असली, तरी तिच्यावरून सर्वांना भारी धानाची शिफारस केल्यास पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचे हेक्टरी ५ क्विंटलांचे नुकसान होईल.

मिल्टन फ्रीडमन यांच्या कसोटीत (१९३७) प्रत्येक गटात प्रत्येक उपचाराचे एकच निरीक्षण असते आणि गट व उपचार यांत आंतरक्रिया नाही असे गृहीत धरतात. म्हणून ती आंतरक्रिया तपासण्यास उपयोगी पडत नाही. त्यासाठी प्रत्येक कोष्ठात एकाहून अधिक निरीक्षणे हवीत. पुणे विद्यापीठाशी संबंधित असलेल्या व. प. भापकर व अ. प. गोरे यांनी १९७४ मध्ये आंतरक्रियेची अप्राचलीय कसोटी मांडली. कोनोव्हर व इमान यांनी १९८१ मध्ये सर्व निरीक्षणांना क्रमांक देऊन त्यांवर नेहमीचे प्रचरण विश्लेषण करण्याची पद्धत पुरस्कारिली; परंतु दोन्ही घटकांचे मुख्य परिणाम मोठे असता तीत आभासी आंतरक्रिया उद्भवू शकते, असे पुढे आढळले. मुख्य परिणाम आधी वजा करून उरलेल्या मूल्यांना क्रमांक देण्याची पद्धत हा दोष कमी करते.

म्हणून अध्यापनात कसोटीपूर्वी कोष्ठांच्या मध्यगांचा आलेख काढून रेषा परस्परांना छेदतात किंवा कसे, हे विद्यार्थ्यांकडून पाहून घेणे इष्ट ठरते.