तपासण्या निर्दोष, तरी पोट बिथरलेले

मणिकर्णिकेकडून पंचगंगेच्या दिशेने निघाले, की सिंधिया घाट मागे पडतो आणि थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला भोसले घाट लागतो. कल्पना करा, काशीयात्रेला आलेल्या एका वैदर्भीय कुटुंबातील सासूबाई इथल्या पायऱ्यांवर टेकल्या आहेत. सकाळी सर्वांनी कचोरी-जिलबीवर ताव मारला. त्यांचे पोट मात्र अर्ध्या कचोरीतच गच्च झाले. आता बेंबीच्या वर जळजळ, मळमळ, ढेकरा. सूनबाई विचारते, "आई, डॉक्टरांकडे जायचं का?" मुलगा म्हणतो, "अगं, दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. तिच्या मनाचंच आहे सगळं." सासूबाई गप्प बसतात.

मुलाचे चुकते ते इथेच. तपासणीत जठराची रचना दिसते, त्याचे काम कसे चालले आहे हे नेहमीच दिसत नाही. जेवणानंतर पोट जड होणे, चार घासांत भरल्यासारखे वाटणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा जळजळणे, यांपैकी एखादा त्रास सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला असेल, गेले तीन महिने वरचेवर होत असेल आणि तपासणीत व्रण, गाठ असे काही सापडत नसेल, तर डॉक्टर त्याला 'फंक्शनल डिस्पेप्सिया' म्हणतात. आपल्या भाषेत, जठराच्या कामातील बिघाडामुळे होणारे अपचन.

हा बिघाड एकाच प्रकारचा नसतो. अन्न आले की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. ते नीट झाले नाही, तर थोडक्यात पोट भरते. काहींचे जठर सावकाश रिकामे होते; तळलेल्या, तुपकट पदार्थांनी ते आणखी रेंगाळते. काहींच्या जठराच्या नसा इतक्या हळव्या असतात, की इतरांना जाणवणारही नाही असा ताण त्यांना दुखतो. जुलाब-उलट्यांच्या आजारानंतरही काहींच्या मागे हे दुखणे लागते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही कारण असू शकतो. त्याच्या शोधाबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. तो आढळल्यास औषधांचा ठरलेला क्रम पुरा करावा लागतो.

मग मनाचा संबंध नाहीच का? आहे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची जखम झाली आणि पोटाला पडलेले भोक कायमचे राहिले. डॉ. बोमाँ यांनी त्यातून जठराचे काम वर्षानुवर्षे पाहिले. राग आला की जठराचे काम बदलते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून नोंदवले. म्हणजे चिंतेने पोट बिघडते ते खरोखर बिघडते; कुणी ढोंग करत नसते. म्हणूनच नसांचा हळवेपणा कमी करण्यासाठी डॉक्टर कधी मनाच्या आजारावरचे औषध अगदी कमी मात्रेत देतात. त्याने बिचकू नये.

यात्रेत आणखी एक भानगड होते. घाटांच्या पायऱ्या चढून गुडघे दुखतात, मग उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्यांनी पोट जळते, व्रणही होतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्याव्यात. एरवी थोडे थोडे, ठरल्या वेळी खाणे, तिखट-तळलेले बेताने घेणे आणि जेवल्याबरोबर आडवे न होणे, याने पुष्कळांना उतार पडतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मात्र शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

वजन घटणे, घास अडकणे, काळी शौचास होणे, रक्ताची किंवा सतत उलटी, रक्त कमी होणे, किंवा उतारवयात हा त्रास प्रथमच सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी लांबवू नये. आणि पायऱ्या चढताना छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण येऊन घाम फुटला, धाप लागली, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजत बसू नये. ते हृदयाचेही दुखणे असू शकते. अशा वेळी उरलेले घाट राहू द्यावेत आणि तडक जवळचे इस्पितळ गाठावे.