सबवूफर
सबवूफर : सुमारे २० ते १०० हर्ट्‌झ कंप्रतांचे खर्जातील ध्वनी निर्माण करणारा स्वतंत्र ध्वनिक्षेपक. मोठ्या घनफळाच्या खोलीस मोठ्या व्यासाचा पडदा लागतो. तथापि घरगुती चित्रपटकक्षात त्याची जागाच अधिक निर्णायक ठरते. ३४ हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सु. १० मी. असते. त्यामुळे ५ मी. लांबीच्या खोलीत समोरासमोरील भिंतींवरील परावर्तनाने स्थिर तरंग निर्माण होतो. त्याचा दाब भिंतींलगत सर्वाधिक, तर लांबीच्या मध्यावर अत्यल्प असतो. मध्यावर बसणाऱ्यास तो ध्वनी जवळजवळ ऐकू येत नाही व शक्ती वाढवूनही हा दोष जात नाही. कोल्हापूर येथे १९१५ मध्ये सुरू झालेल्या पॅलेस थिएटरसारख्या (पुढे केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ मध्ये आगीत जळाले) विस्तीर्ण प्रेक्षागृहात असे अनुस्पंद दाट असल्याने वेगवेगळे जाणवत नाहीत, लहान खोलीत ते विरळ असल्याने ठळक होतात. दगडविटांच्या जाड भिंतींमुळे त्यांची तीव्रता वाढते. कोपऱ्यातील सबवूफरचा आवाज मोठा येतो, परंतु तेथून जवळजवळ सर्वच अनुस्पंद उद्दीपित होतात. योग्य जागा शोधण्यासाठी सबवूफर श्रोत्याच्या आसनावर ठेवून खर्जाचे ध्वनी वाजवितात व भिंतीलगत फिरून ते जेथे समतोल ऐकू येतात, तेथे तो मांडतात. समोरासमोरील भिंतींच्या मध्याशी दोन सबवूफर ठेवल्यास विषमता आणखी घटते.