गंजलेल्या मालमोटारीचा जीर्णोद्धार

पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा गवंडी आरंभीं कळसाकडे पाहत बसत नाहीं. तो पाया उकरून पाहतो. जुन्या मोटारीच्या बाबतींत मात्र पुष्कळ हौशी लोकांची दृष्टि उलट दिशेनें जाते. रंग उडालेला दिसला कीं त्यांना नव्या रंगाची आठवण होते, मडगार्डाला भोंक दिसलें कीं तें बुजविण्याची घाई होते. आणि ज्या लोखंडी सांगाड्यावर सबंध वाहनाचा व आंत बसणाऱ्या माणसांचा भार, त्याच्याकडे वांकून पाहण्याचें राहून जातें. अमेरिकेंत जुन्या लहान मालमोटारी, ज्यांना तिकडे पिकप म्हणतात, घरच्या घरीं दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद फार लोकप्रिय आहे. या छंदांत पैसा, वेळ आणि क्वचित् जीवही ज्याच्यामुळें धोक्यांत येतो, तो शत्रु म्हणजे गंज.

उदाहरणादाखल शेव्हरोले कंपनीनें २८ जून १९४७ रोजीं बाजारांत आणलेली मालमोटार घ्यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्यानें आंखणी केलेलें तें वाहन होतें. त्यांतील ‘३१००’ या क्रमांकाची गाडी अर्ध्या टनाची. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ११६ इंच. प्रारंभींचें इंजिन सहा सिलिंडरांचें व २१६.५ घनइंचांचें, मागें सुमारें साडेसहा फूट लांबीचा हौदा, हौद्याच्या तळाशीं लांकडी फळ्या आणि फळ्यांच्या फटींवर पोलादी पट्ट्या. हा घाट १९५५ सालच्या आरंभापर्यंत चालू राहिला. मुंबईला ही जात अगदींच परकी नव्हे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना काढला होता. परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून तेथें शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक तयार होत असत. तो कारखाना १९५४ सालीं बंद झाला.

अशा गाडीला गंज चढतो तो कसा, हें समजल्याशिवाय तो काढतां येत नाहीं. लोखंड निसर्गांत बहुतेक ठिकाणीं प्राणवायूशीं संयोग पावलेल्या खनिजाच्या रूपांत सांपडतें. मनुष्य भट्टींत प्रचंड उष्णता खर्च करून तो संयोग मोडतो आणि शुद्ध धातु वेगळी काढतो. परंतु संधि मिळतांच ती पुन्हा पूर्वस्थितीकडे वळते. त्यासाठीं पाणी आणि प्राणवायु हीं दोन्ही लागतात. ओल्या पत्र्यावर एका ठिकाणीं लोखंडाचे कण विरघळून विद्युत्कण मोकळे होतात आणि दुसऱ्या ठिकाणीं पाण्यांतील प्राणवायु ते ग्रहण करतो. म्हणजे प्रत्येक ओला पत्रा ही एक लहानशी विजेची बॅटरीच होय. पाण्यांत मीठ मिसळलें कीं तें विजेचें अधिक चांगलें वाहक बनतें, आणि बॅटरी जोरानें चालूं लागते.

यांत एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. जेथें हवा कमी पोंचते, तेथेंच धातु अधिक झिजते. दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडलेल्या सांध्यांत पाणी शिरतें. त्यांतला प्राणवायु लवकर संपतो. आणि मग बाहेरच्या हवेशीर भागाच्या मानानें आंतला भाग विरघळूं लागतो. अॅल्युमिनमवर धरणारा पापुद्रा त्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असल्यामुळें ओल धरून ठेवतो. शिवाय गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतें. म्हणून सांध्यांत वाढणारा गंज पाचरीसारखा काम करतो आणि जाड पोलादी पट्ट्याही फांकवितो.

अमेरिकेच्या उत्तर भागांत या गाड्यांचे हाल विशेष झाले, याचें कारण मीठ. हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळावें म्हणून तेथें मीठ पसरण्याची प्रथा १९४० नंतरच्या दशकांत सर्वत्र फैलावली. मोटारींचें माहेरघर जें डेट्रॉइट शहर, त्याच्याखालीं सुमारें १२०० फूट खोलीवर मिठाची मोठी खाण आहे. म्हणजे वाहनें घडविणारें आणि तीं खाणारें, अशीं दोन्हीं द्रव्यें एकाच शहरानें पुरविलीं. उलट ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशांत पडून राहिलेल्या गाडीचा पत्रा पुष्कळदां शाबूत मिळतो. तेथें उन्हानें रबर, कापड आणि लांकूड यांची मात्र राख झालेली असते. यासाठींच जाणते लोक गाडी विकत घेतांना तिनें आयुष्य कोठें काढलें, हें आधीं विचारतात.

या मालमोटारींत गंजाचीं ठाणीं ठरलेलीं आहेत. चालकाच्या खोलीचे मागचे दोन खालचे कोपरे, दारांखालचा उंबरठा, पायांखालच्या पत्र्याची पुढची कड, दाराच्या बिजागऱ्यांखालचा भाग, दारांचे तळ आणि मडगार्डांच्या खालच्या कडा; बहुतेक गाड्यांत याच जागा प्रथम जातात. कारण उघड आहे. चाकांनीं उडविलेला चिखल या कोनाड्यांत जाऊन बसतो. काचेच्या कडेनें दारांत उतरणारें पाणी तळाच्या छिद्रांतून वाहून जावें अशी योजना असते; परंतु पालापाचोळा, धूळ आणि उंदरांचीं घरटीं यांनीं तीं छिद्रें बुजतात. आंत रबराची चटई असली तर तिच्याखालीं ओल महिनोन्महिने टिकते. म्हणून बाहेरून रंगाला आलेला वाटाण्याएवढा फोड दिसला, तर आंतून तळहाताएवढा पत्रा गेला आहे असें धरून चालावें.

परीक्षेचीं साधनें साधीं आहेत: एक टोंकदार लोखंडी सळई, एक लहान हातोडी, एक विजेरी आणि एक लोहचुंबक. हातोडीच्या हलक्या ठोक्यानें चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. चुंबक जेथें धरत नाहीं, तेथें रंगाखालीं पत्र्याऐवजीं लांबीचा जाड थर आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापारांत हा प्रकार नेहमींचा. भोंकांत तारेची जाळी किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर लांबी थापली आणि चकचकीत रंग दिला, म्हणजे झांकली मूठ सव्वा लाखाची होते. दोन पावसाळे गेले कीं तोच भाग फुगून गळून पडतो. तेवढ्यावर निभावलें तर नुकसान पैशाचें. परंतु ज्या आधारांवर चालकाची खोली चासीला बोल्टांनीं आवळलेली असते, किंवा जेथें कमानपाट्यांचे टोंकाचे आधार बसतात, तेथें असें सोंग केलेलें असेल, तर अपघाताच्या वेळीं त्याची किंमत माणसाला द्यावी लागते. चासी स्वतःच अशा जागीं पोखरलेली आढळली, तर तिला ठिगळें लावीत बसण्यापेक्षां दुसरी निकोप चासी मिळविणें शहाणपणाचें.

काम आरंभण्यापूर्वीं कांहीं धोके ओळखून ठेवावे लागतात. १९४९ पासून या गाडींत पेट्रोलची टांकी चालकाच्या आसनामागें, खोलीच्या आंतच बसविलेली असे. खोलीच्या पत्र्याला वेल्डिंग करण्याआधीं ती काढून दूर ठेवणें अत्यावश्यक आहे. टांकी रिकामी दिसली तरी तींत राहिलेली वाफ द्रव पेट्रोलपेक्षांही भयंकर; अशा टांकीला घरीं ज्योत किंवा ठिणगी कधींही लावूं नये. त्या काळच्या रंगांत शिसें असे. कोरडें घांसल्यास त्याची विषारी धूळ उडते, म्हणून कांचकागद पाण्यानें भिजवून वापरावा, तोंडानाकावर योग्य मुखवटा असावा आणि लहान मुलांना जवळ येऊं देऊं नये. ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. तेथील धूळ फुंकून उडविण्याची संवय अत्यंत घातक आहे. ती ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. आणि ब्रेकविषयीं आणखी एक गोष्ट: या गाडीच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलनळीच्या जाळ्यावर चालतात. एका ठिकाणीं गंजलेली नळी फुटली, कीं सर्व ब्रेक एकदम निकामी होतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, त्यामुळें या पोलादी नळ्या आंतूनही गंजतात. त्या वरून चांगल्या दिसल्या तरी बदलाव्या. रंगाला पैसे उरले नाहींत तरी चालेल, नळ्यांना उरलेच पाहिजेत.

आतां प्रत्यक्ष दुरुस्ती. पहिला नियम असा कीं कापण्याआधीं आधार द्यावा. दारांच्या चौकटींत आडव्यातिडव्या पोलादी पट्ट्या तात्पुरत्या जोडून तिचा आकार कायम केला, खोली चासीवरून न काढतां ठेवली आणि एका वेळीं एकच बाजू उघडली, तर सांगाडा वांकत नाहीं. हा नियम मोडून दोन्ही उंबरठे एकदम कापले, तर खोली खचते आणि मग कितीही परिश्रम केले तरी दारें नीट लागत नाहींत. दुसरा नियम असा कीं, पत्रा कापीत कापीत निरोगी धातूपर्यंत जावें. कुजक्या पत्र्यावर ठिगळ लावूं पाहिल्यास वेल्डिंगच्या उष्णतेनें कड वितळून भोंक आणखी मोठें होतें. जणु लोखंड आपणच सांगतें कीं येथें कांहीं उरलेलें नाहीं.

मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून नवा पत्रा बेततात. या गाडीचे खोलीचे कोपरे, उंबरठे आणि तळाचे पत्रे तयार साच्यांत दाबलेलेही विकत मिळतात. पण ते मूळ वळणाशीं ताडून पाहावे लागतात. नवा तुकडा जुन्यावर चढवून जोडण्यापेक्षां कडेला कड भिडवून जोडणें श्रेयस्कर, कारण चढत्या जोडांत पुन्हा तीच ओल धरणारी फट तयार होते. हा पत्रा सुमारें एक मिलिमीटर जाडीचा. सलग वेल्डिंग केल्यास तो तापून चुरमुरतो. म्हणून एक टांका येथें, दुसरा वीतभर दूर, तिसरा उलट्या टोंकाला, असे सुटे सुटे टांके घालीत, मधून मधून थंड होऊं देत, शेवटीं ते एकमेकांना मिळवितात. शिवणकाम करणाऱ्या गृहिणीला ही युक्ति नवी वाटणार नाहीं. लांब शिवण घालण्यापूर्वीं तीही कच्चे टांके असेच दूर दूर घालते.

पत्रा गेलेला नाहीं, केवळ वर गंज धरला आहे, तेथें कापण्याची गरज नसते. तारेच्या ब्रशानें सैल गंज काढून उरलेल्या डागांवर सौम्य फॉस्फरिक आम्ल लावलें, तर गंजाचें लोहफॉस्फेट बनतें आणि तो थर रंगाला चांगला धरतो. दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळील सुमारें सोळाशें वर्षांच्या लोहस्तंभाचें रहस्य याच कुळांतलें आहे. त्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण आधुनिक पोलादापेक्षां पुष्कळ अधिक असून त्यामुळें पृष्ठावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर तयार झाला, असें कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील आर. बालसुब्रमण्यम यांनीं आपल्या संशोधनांत दाखविलें. लहान सुट्या भागांना विजेचा उपचारही करतात: धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत गंजलेला भाग ऋण ध्रुवाला आणि टाकाऊ लोखंड धन ध्रुवाला जोडून मंद प्रवाह सोडला कीं गंज सुटतो. येथें धन ध्रुवाला स्टेनलेस पोलाद कधींही लावूं नये, कारण त्यांतील क्रोमियमचें विषारी संयुग पाण्यांत उतरतें; आणि वर येणारा हायड्रोजन वायु पेट घेणारा असल्यामुळें हें काम उघड्या हवेंतच करावें.

शेवटीं रक्षण. १८२४ सालीं सर हम्फ्री डेव्ही यांनीं जहाजांच्या तांब्याच्या तळाला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून दाखविले. ते तुकडे झिजत आणि तांबें वांचत असे. जस्तयुक्त अस्तराचा रंग हेंच तत्त्व वापरतो: लोखंडाआधीं जस्त आपला बळी देतें. जोडाच्या दोन्हीं बाजूंना असें अस्तर, त्यावर रंग, आणि दारें व उंबरठे यांच्या पोकळ्यांत फवारलेलें पातळ मेण, अशी तिहेरी तटबंदी करावी. पाणी जाण्याचीं छिद्रें मात्र हौसेनें बुजवूं नयेत. वर्षांतून दोनदां तीं तारेनें मोकळीं करावीं.

एवढें झाल्यावर गाडी नवीकोरी दिसलीच पाहिजे काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा. कांहीं लोक दारावरील जुन्या धंद्याचें पुसट नांव आणि हौद्यावरील ओरखडे मुद्दाम तसेच ठेवतात, कारण त्या गाडीनें वाहिलेल्या कष्टांची ती नोंद असते. त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र झिजलेला रंग आणि झिजलेला आधार यांत भेद केला पाहिजे. पहिला राखून ठेवण्याजोगा असूं शकतो. दुसऱ्याला सोडलें, तर वरचा सारा जीर्णोद्धार वाया जातो. ज्या घरीं अशी गाडी उभी असेल, त्यांनीं रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीं एक दिवस विजेरी आणि सळई घेऊन तिच्याखालीं शिरावें. पुढील खर्चाचा अंदाज त्या एका दिवसांत येतो.